लाल डगल्याची परीक्षा : कोकणच्या हवेत व्हॅलेजो मॉडेल कलर

अठराव्या शतकातल्या इंग्रज शिपायाचा छोटा पुतळा रंगवायला घेतला की रंगाची खरी परीक्षा लालात होते. निळा, हिरवा, काळा कुठल्याही बऱ्या रंगाने निभावून जातो. लाल नाही निभावत. तो मुळात पारदर्शक, त्यामुळे खालचं अस्तर, म्हणजे रंगाआधी दिलेला प्रायमरचा हात, दाखवतो. उजळ करायला पांढरा घातला की गुलाबी होतो, गडद करायला काळा घातला की मळकट तपकिरी. त्यात काम रत्नागिरी-मालवणकडच्या दमट, खाऱ्या हवेत करायचं असेल तर वाळण्याची वेगळीच तऱ्हा. म्हणून व्हॅलेजो या स्पॅनिश कंपनीच्या ‘मॉडेल कलर’ रंगांना इथे दोनच कसोट्या लावल्या आहेत: डगल्याचा लाल नेमका जमतो का, आणि समुद्रकाठी रंग वागतो कसा.

निकाल आधीच सांगतो. लाल जमतो, फार सुंदर जमतो, पण एका बाटलीत नाही. त्यासाठी शिपाई आणि अधिकारी मिळून चार बाटल्या लागतात. आणि ७२ बाटल्यांची मोठी पेटी घेण्याची काही गरज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्टेशनरीच्या दुकानात हे रंग मिळत नाहीत, मागवावेच लागतात. मग सुट्या बाटल्याच मागवाव्यात. जुनी बाटली १७ मिलीची, नवी १८ मिलीची. नव्या बाटल्यांवर काही नावं बदललेली आहेत, म्हणून मागवताना नावापेक्षा क्रमांक बघावा.

परीक्षणासाठी प्रसंग जवळचाच धरला आहे: फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. इंग्रज कागदांत याच किल्ल्याचं नाव घेरिया. तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर वॉटसनचं इंग्रज आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ चालून आलं. मोजक्या तुकड्यांचा हा प्रसंग रंगकामाला अतिशय सोयीचा आहे, कारण यात लाल डगला आहे, रॉयल आर्टिलरीच्या गोलंदाजांचा लाल फेसिंगचा (म्हणजे लाल कफ-पल्ल्यांचा) निळा डगला आहे, आणि ज्यांना गणवेशच नाही अशी माणसंही आहेत.

ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण चुकवतात. इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांना गणवेश मिळाला तो १७४८ मध्ये, पांढऱ्या फेसिंगचा निळा. साध्या खलाशांना तो १८५७ पर्यंत नव्हता. म्हणजे विजयदुर्गसमोरच्या जहाजावरचे सगळे खलाशी एकसारख्या निळ्या जाकिटात रंगवले तर ते शंभर वर्षं पुढचे होतात. आंग्र्यांच्या माणसांनाही गणवेश नाही. तिथे न रंगवलेलं सुती कापड, नीळ, मंजिष्ठा अशी सरमिसळ हवी, आणि शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांची पागोटी एका रंगाची नकोत.

आता लाल. साध्या शिपायाच्या डगल्याची लोकर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेली असे. तो लाल विटकरीकडे झुकतो. अधिकाऱ्याचं कापड किरमिजी किड्यापासून केलेल्या महाग रंगाचं, कथिलाच्या क्षारामुळे झळझळीत झालेलं. दोघांना एकच लाल फासला की तुकडी मेली. शंभर पावलांवरून अधिकारी ओळखू येई तो केवळ जरीमुळे नव्हे, कापडाच्या रंगामुळेही. व्हॅलेजोच्या रंगात हा फरक असा साधतो:

शिपायासाठी पहिला हात कॅव्हलरी ब्राउन (७०.९८२) दोन थेंब आणि फ्लॅट रेड (७०.९५७) एक थेंब. पूर्ण डगला याने झाकायचा, चुण्यांच्या तळापर्यंत. दुसरा हात फ्लॅट रेड तीन थेंब, कॅव्हलरी ब्राउन एक थेंब. हा चुण्यांच्या तळात जाऊ द्यायचा नाही. तिसरा उठावाचा: नुसता फ्लॅट रेड, खांदे, कोपर आणि मागच्या झालरीच्या कडा एवढ्यावरच. इथे थांबावं. शिपायाच्या लालाला याहून जास्त उजळ केलं की तो अधिकाऱ्याच्या हद्दीत शिरतो.

अधिकाऱ्यासाठी सुरुवातच फ्लॅट रेडने, सावलीत कॅव्हलरी ब्राउनची एक पातळ ओल. वर स्कार्लेट (७०.८१७), आणि अगदी कडांवर स्कार्लेटमध्ये ऑरेंज रेडचा (७०.९१०) थेंबभर. पांढरा कुठेच नाही. लालाचा उठाव नारिंगीकडे न्यायचा, पांढऱ्याकडे नाही, हा नियम पाळला तर गुलाबी डगल्यांचा प्रश्नच उरत नाही.

फ्लॅट रेड पारदर्शक आहे, हे त्या रंगद्रव्याचं लक्षण आहे, बाटलीचा दोष नव्हे. काळ्या अस्तरावर त्याचे पाच हात दिले तरी डगला मेल्यासारखा दिसतो. राखाडी अस्तर घ्यावं. कॅव्हलरी ब्राउनचा आधीचा हात घालण्याचं खरं कारण हेच: तो अपारदर्शक आहे, एका हातात झाकतो, आणि त्यावर लाल दोन हातांत बसतो.

पातळ करण्याचं प्रमाण पहिल्या हाताला दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी, पुढच्यांना निम्मं-निम्मं. याहून पातळ हवं असेल तर पाणी वाढवू नये, मॅट मीडियम (७०.५४०), म्हणजे रंगद्रव्य नसलेला बिनचकाकीचा चिकटा, घालावं. नुसतं पाणी वाढवलं की रंगातला चिकटा विरळ होतो, रंग चुण्यांच्या कडेला जाऊन वाळतो आणि भरतीच्या पाण्याने वाळूवर सोडावी तशी रेघ उरते. आणि पाणी कुठलं? किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी अजिबात नको. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर वाळल्यानंतर क्षाराची पांढुरकी झाक येते आणि दोष रंगाला दिला जातो. फिल्टरचं किंवा सरळ बॅटरीचं शुद्ध पाणी वापरावं. अर्धा लिटर महिनोन् महिने पुरतं.

एका बाटलीत किती सैनिक होतात, हा हिशेब मागवण्याआधी करावा. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर १७ मिलीत ३४० थेंब. २८ मिमी उंचीच्या पुतळ्याच्या एका डगल्याला सगळे हात मिळून लालाचे पाच-सहा थेंब जातात, थोडे पॅलेटवर वाया. म्हणजे साठेक शिपाई एका फ्लॅट रेडमध्ये आरामात. पितळी रंगाची बाटली मात्र कित्येक वर्षं संपत नाही. तिथे दोन घेण्यात अर्थ नाही.

बाटली हलवण्याबद्दल. मॉडेल कलरमध्ये रंगद्रव्य भरपूर आणि ते तळाशी बसतं. वर पाण्यासारखं मीडियम येतं. नीट न हलवता पहिला थेंब काढला तर तो चकचकीत आणि अर्धपारदर्शक निघतो, आणि मग ‘हा रंग मॅट नाही’ अशी तक्रार होते. बाटलीत एक गोळी टाकावी म्हणजे मिसळणं सोपं जातं. पण इथे कोकणातल्या माणसाने जपावं: सायकलच्या बेअरिंगमधली गोळी टाकू नये. ती गंजते. हस्तिदंती रंगात गंजाची पिवळी झाक आली की बाटली गेलीच. काचेचा मणी किंवा चांगल्या स्टेनलेसची गोळी घ्यावी. बाटलीचं नोझल ओढून काढता येतं, मणी आत टाकून परत दाबून बसवायचं.

पांढऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: या काळासाठी शुद्ध पांढरा विकत घेऊच नये. लोकर, सुती, पाइपक्लेने (पांढऱ्या मातीने) पांढरे केलेले पट्टे, यांतलं काहीही कागदासारखं पांढरं नव्हतं. आयव्हरी (७०.९१८) हा उजळातला उजळ, आणि त्याच्या खाली बफ (७०.९७६). विजयदुर्गच्या काळात, म्हणजे १७५१ च्या राजाज्ञेनंतर आणि १७६८ च्या आधी, इंग्रज पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांची बंडी आणि विजारही लालच होती. राजघराण्याच्या नावाच्या रेजिमेंटांची विजार निळी. पांढरी बंडी-विजार आली ती १७६८ च्या आज्ञेने. बाजारात मिळणारे बरेचसे इंग्रज शिपाई अमेरिकेतल्या युद्धाचे, म्हणजे १७७५ नंतरचे असतात. त्यांच्या डब्यावरचं चित्र बघून १७५६ चा माणूस रंगवला तर विजारीपासून चूक सुरू होते. ग्रेनेडियरची टोपीही तशीच: १७६८ नंतर अस्वलाच्या काळ्या केसांची, त्याआधी कापडी, उंच, टोकदार. तिचा पुढचा भाग फेसिंगच्या रंगाचा, वर राजाची अक्षरं, खालच्या छोट्या लाल पट्टीवर हॅनोव्हरचा पांढरा घोडा. केसाळ टोपीचा पुतळा घेऊन त्याला विजयदुर्गला उभा करता येत नाही, कितीही सुंदर रंगवला तरी.

फेसिंग म्हणजे कफ, छातीवरचे उलटवलेले पल्ले, आणि मागे दुमडलेल्या झालरीतून दिसणारं अस्तर. याच रंगावरून रेजिमेंट ओळखायची. राजाच्या सैन्याची हिंदुस्थानात आलेली पहिली रेजिमेंट ३९ वी, १७५४ मध्ये. तिचं फेसिंग हिरवं. फ्लॅट ग्रीन (७०.९६८) थोड्या बफने मोडून घ्यावा. बाटलीतला हिरवा तसाच लावला तर तो लालाशेजारी भडकतो, कारण हे दोन रंग एकमेकांना चढवतात. ढोलवाल्याचे रंग उलटे करावेत: डगला फेसिंगच्या रंगाचा आणि फेसिंग लाल. एका तुकडीत एकच असा हिरवा माणूस उभा राहिला की बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते.

गोलंदाजांच्या निळ्याला डार्क प्रशियन ब्लू (७०.८९९). नावावर जाऊ नये. प्रशियन ब्लू हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेलं रंगद्रव्य. प्रशियाच्या काय किंवा इंग्रजांच्या काय, शिपायांच्या लोकरीला चढे ती नीळच. नीळ विटते ती राखाडीकडे. म्हणून उठावाला उजळ निळा न घेता याच बाटलीत थोडा बफ मिसळावा.

फीत हा विषय स्वतंत्र. शिपायाच्या डगल्यावरची लोकरी फीत खऱ्यात साधारण अर्ध्या इंचाची. २८ मिमीचा पुतळा म्हणजे सुमारे साठावा हिस्सा. फीत येते ०.२ मिमी. तिच्यात रेजिमेंटच्या रंगीत रेघा असत. त्या या मापात काढण्याचा हट्ट धरू नये. आयव्हरीची एक रेघ, पुरे. १/७२ मापात तर बटणांच्या घरांवरची फीत ठिपक्यांनीच सुचवावी. बटणं शिपायाची कथलाची: गनमेटल (७०.८६३), चकाकी नसलेली. अधिकाऱ्याची सोनेरी किंवा रुपेरी, आणि टोपीची जर त्याच धातूची. बटणं सोनेरी आणि टोपीची जर रुपेरी अशी मिसळ होऊ देऊ नये. टोपीवरची गाठ काळी. अधिकाऱ्याचा किरमिजी शेला कारमाइन रेड (७०.९०८) आणि त्यात कणभर काळा. या काळात तो उजव्या खांद्यावरून तिरपा, कमरेला तो १७६८ नंतर आला. बंदुकीची नळी काळी किंवा तपकिरी रंगवण्याची चूक ‘ब्राउन बेस’ या तिच्या नावामुळे होते. त्या काळी नळी घासून लखलखीत ठेवत. दस्त्याला फ्लॅट ब्राउन (७०.९८४), वर ब्लॅक ग्रे (७०.८६२) पातळ करून रेषा, बंधनं पितळी.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेगळ्या करणाऱ्या गडद रेघेने. लाल डगला आणि बफ पट्टा जिथे भिडतात तिथे कॅव्हलरी ब्राउनमध्ये काळा (७०.९५०) निम्मा मिसळून केसाएवढी रेघ सोडायची. शुद्ध काळी रेघ नको. ती चित्रकथेतल्यासारखी दिसते. सोपी युक्ती म्हणजे पट्ट्याची पूर्ण जागा आधी या गडद मिश्रणाने रंगवायची आणि मग आत बफ भरताना दोन्ही कडा किंचित सोडायच्या. उलट क्रमाने, म्हणजे पट्टा झाल्यावर बाजूने रेघ काढायला गेलं, की हात एकदा तरी हलतोच.

डोळ्यांबाबत गणपतीच्या शाळेतून एक उलटा धडा घ्यावा. पेणला किंवा गावोगावच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी हाच मूर्तीचा प्राण, सगळ्यात मुरलेल्या हाताकडे ठेवलेला. इथे नेमकं विरुद्ध. २८ मिमीचा सैनिक ४० सेंटीमीटरवरून बघणं म्हणजे खरा माणूस २४ मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरावर डोळ्यांतलं पांढरं दिसत नाही. पांढरे डोळे काढले की सगळी पलटण दचकलेली दिसते. बेज रेड (७०.८०४) चेहऱ्याला, फ्लॅट फ्लेश (७०.९५५) नाक-गाल-हनुवटीला, आणि डोळ्यांच्या खोबणीत पातळ तपकिरी. झालं. आखणीचा तो सराव फितीला वापरावा, तिथे तो खरंच उपयोगी पडतो.

आता हवा. ॲक्रिलिक वाळतो तो त्यातलं पाणी उडून. जून ते सप्टेंबर हवेतच जागा नसते, त्यामुळे वरून कोरडा वाटणारा हात आतून मऊ असतो आणि दुसरा हात देताना ब्रशला उचलून येतो. दिवाळीनंतर दहा-पंधरा मिनिटांत पुढचा हात देता येतो. आषाढात तासभर थांबावं किंवा टेबललॅम्पजवळ ठेवावं. व्हॅलेजोचं राखाडी पॉलियुरेथेन अस्तर (७०.६०१) ब्रशने लावता येतं, ही पावसाळ्यातली मोठी सोय, पण ते २४ तास सोडावं लागतं, झडीच्या दिवसांत ४८. घाईने नखाने तपासायला गेलं तर सोलून येतं. मऊ प्लॅस्टिकच्या १/७२ पुतळ्यांना अस्तराआधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवावं, साच्याचं तेल राहिलं तर संगिनी आणि हात वाकले की रंग पापुद्र्याने सुटतो.

स्प्रेचं वॉर्निश पावसाळ्यात, कुठल्याही कंपनीचं असो, कपाटातच ठेवावं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि महिनाभराचं काम पांढऱ्या धुक्याखाली जातं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर असताना स्प्रे करू नये. स्वस्तातला आर्द्रतामापक यासाठी ठेवावा, अंदाजावर राहू नये. ब्रशने लावायचं मॅट वॉर्निश (७०.५२०) इथे अधिक भरवशाचं. त्याचीही एक अट आहे: मॅट करणारी भुकटी तळाशी बसते. न हलवता लावलं तर चकाकी येते, जाड लावून चुणीत साचू दिलं तर पांढरे ठिपके. दोन पातळ हात, मधे चार तास.

ओल्या पॅलेटचा, म्हणजे डब्यात स्पंज आणि वर बटर पेपर, उपयोग कोकणात मार्च ते मे एवढाच. तेव्हा वाऱ्याने ब्रशच्या टोकावरच रंग वाळतो. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत स्पंजला कुबट वास येतो, काळी बुरशी धरते. तेव्हा साधी चिनीमातीची बशी उत्तम. ब्रशही धुऊन आडवे, उघड्यावर वाळवावेत. ओले असताना टोपण घालून ठेवले की केसांच्या मुळाशी बुरशी.

कॅमलच्या ट्यूब रस्त्यापलीकडच्या दुकानात मिळतात, मग हे मागवायचं कशाला, असा प्रश्न रास्त आहे. ट्यूबमधला ॲक्रिलिक कॅनव्हाससाठी केलेला, दाट अंगाचा. निशाणं, तटबंदी, जमीन यांना तो उत्तम आणि परवडणारा. तिथे व्हॅलेजो खर्च करू नये. पण ०.२ मिमीच्या फितीला आणि बफ पट्ट्याला तो पातळ केला की झाकत नाही, न केला तर ब्रशच्या रेघा राहतात. पुतळ्यावर मॉडेल कलर, पुतळ्याखाली कॅमल, अशी वाटणी योग्य.

सुरुवातीलाच सगळं घ्यायचं नसेल तर कॅव्हलरी ब्राउन, फ्लॅट रेड, बफ, आयव्हरी, काळा, बेज रेड आणि गनमेटल एवढ्यांवर एक पूर्ण शिपाई उभा राहतो. फेसिंगचा रंग रेजिमेंट ठरल्यावर.

जुने शिशाचे पुतळे असतील तर ते प्लायवूड किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नयेत. त्यातून निघणारी आम्लाची वाफ आणि इथली ओल मिळून शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती रंगाच्या आतून पुतळा खाते. काच किंवा प्लॅस्टिकचा डबा बरा. तळाला लोखंडी वॉशर लावायची सवय असेल तर त्यालाही आधी अस्तर द्यावं, नाहीतर वर्षभरात गंज फुटून वरच्या मातीला डाग येतो.

माती मात्र विकत घेऊ नये. जांभ्याची लाल माती चाळून, तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे बुरशी धरत नाही, आणि फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्याने पुतळ्याच्या तळावर बसवावी. फक्त लाल डगला लाल मातीवर हरवतो. त्यासाठी पुतळ्याच्या पायाशी गवत हवं, आणि ते हिरवं नको: फेब्रुवारीत सड्यावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. बफ आणि आयव्हरीच्या उरलेल्या थेंबांत तेच रंगवावं.